ज्याचा माग, त्याचं सोंग

मोहाच्या वाडीत चांगोच्या घराला सगळे तरसाचं घर म्हणायचे, आणि म्हणताना नाकाला पदर लावायचे. तरस म्हंजे काय, तर देवानं सगळी जनावरं घडवली, उरलासुरला चिखल एका जागी थापला, आणि मागचे पाय करायच्या वेळेला चिखलच संपला. म्हणून तो पुढून उंच, मागून खाली. सपाटीवर चालला तरी बघणाऱ्याला वाटायचं, गडी चढण चढतोय. तोंड तर असं, की ओढ्यावर पाणी प्यायला वाकला की आधी डोळे मिटून घ्यायचा, उगाच स्वतःचं दर्शन नको. ही गोष्ट चांगोच सांगायचा, आणि सांगून झाली की स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवायचा. मग त्याची बायको ठकी म्हणायची, "मी तरी डोळं उघडं ठिऊन लगीन केलं."

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. वाडीतले गुराखी वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावायचे, माळावर खीर शिजवायचे, आणि मग सोंगं निघायची. एकेका घराकडे एकेक जनावर, बापजाद्यांपासून चालत आलेलं. म्हाताऱ्या हिरूदादाकडे वाघ, मंगळ्याकडे अस्वल, कुणाकडे भेकर, कुणाकडे साळिंदर. सोंग नाचत आलं की गुराखी निरगुडीचे फोक घेऊन त्याच्याभोवती फिरायचे आणि विचारायचे, "येशील का रं परत आमच्या शिवेत?" सोंगानं म्हणायचं, "नाय येनार." फोक पडायचे, हशा व्हायचा, सोंग पळून जायचं. वर्षभर गुरांची चिंता मिटली.

पण मोहाच्या वाडीत ह्याच्यावर आणखी एक रीत होती, ती खालच्या गावांना ठाऊक नव्हती. ज्याचा माग, त्याचं सोंग. दसरा झाला की ज्याच्या त्याच्या घरानं आपल्या जनावराचं पाऊल शोधायचं, रानात कुठंतरी ओल्या मातीत, आणि हिरूदादाला नेऊन दाखवायचं. हिरूदादा त्या पावलावर पळसाचं पान ठेवायचा. पान पडलं की सोंग नाचणार. नाही सापडलं, तर पुढल्या दिवाळीची वाट बघायची, मग त्याच्या पुढल्या. तिसऱ्या दिवाळीलाही पाऊल नसलं, तर मुखवटा वाघदेवामागच्या उंबराच्या ढोलीत ठेवून द्यायचा. ज्याचं येणंच संपलं, त्याला येऊ नको म्हणायचं कशाला?

ढोलीत गव्याची शिंगं होती, वाळवीनं आतून पोकळ केलेली. कोळसुंद्यांची झुबकेदार शेपटं होती. रानकुत्र्यांचं ते टोळकं हिरूदादाच्या बापानं शेवटचं पाहिलेलं. सांबर तर गेल्याच साली ठेवलं होतं, त्याच्या डोळ्यांचा चुना अजून पांढराशुभ्र होता. फक्त वाघाचा माग दाखवायची सक्ती नव्हती. तो देव, देवाला पुरावा कोण मागणार? पण हिरूदादा वाघ होऊन नाचायचा तेव्हा हल्ली खाली मान घालूनच नाचायचा.

लढाई कुठं लागली होती कोण जाणे, रान मात्र इथलं पडत होतं. मुंबईत म्हणे पेट्रोल मिळेना, तर मोटारींच्या पाठीला शेगडी बांधायचे आणि कोळशाच्या धगीवर पळवायचे. त्या शेगड्यांसाठी ऐन गेला, धावडा गेला, किंजळ गेला. डोंगराच्या अंगावर जागोजाग भट्ट्या लागल्या. कोळशाची पोती बैलगाड्यांतून भिसेगावच्या अंगानं कर्जत ठेसनाला जायची. धूर एवढा, की वाडीतल्या कोंबड्या काळी अंडी घालतात असं मंगळ्या शपथेवर सांगायचा.

चांगोही भट्टीवर गेला होता. पेटलेल्या भट्टीवर माती थापताना पाय आत गेला. पाय लंगडा का होईना, बरा झाला. पण त्या वेळी छातीत गेलेला धूर काही बाहेर निघाला नाही. आता तो चुलीपाशी भिंतीला टेकून असायचा, आणि समोर खुंटीला तरसाचा मुखवटा, पांगाऱ्याच्या लाकडाचा, अंबाडीची आयाळ लावलेला. दोघं एकमेकांकडे बघत बसायचे. कोण जास्त वाळलंय, सांगता आलं नसतं.

दोन दिवाळ्या तरसाचा माग नव्हता. ही तिसरी.

सोंगाच्या हौसेपोटी चांगो झुरत होता असं नाही. वाडीत कुणी मेलं की खड्डा खणायचं काम तरसाच्या घराचं. मढं पुरायचं, वर धोंडे रचायचे, काटे टाकायचे, म्हंजे तरस उकरणार नाही. पण त्यानं यावं मात्र लागायचं. पुरल्यावर तो रात्री येतो, खड्ड्याभोवती हुंगत फिरतो, उकरायला जमत नाही म्हणून निघून जातो, आणि जाताना माणसाचा जीव आपल्या मागं मागं डोंगराच्या कड्यापल्याड घेऊन जातो. सकाळी खड्ड्याशी तरसाचं पाऊल दिसलं की घरचे म्हणायचे, सुटला. चांगोनं आपल्या हातानं अर्धी वाडी पुरली होती, आणि एकेकाचं पाऊल सकाळी जाऊन बघितलं होतं.

"ठके," तो म्हणायचा, "तरस नाय, तर मला न्यायला कोन येनार?"

"तुमाला न्यायला कोन कशाला? तुमी आधी भाकर खावा."

"भाकर खाऊन का मी एकला चालत जाऊ कड्यापल्याड? हा पाय घिऊन?"

दसऱ्यापासून ठकी रोज रान धुंडाळत होती. ओढ्याच्या काठाकाठानं, करवंदीच्या जाळ्यांतून, जुन्या गुहांच्या तोंडाशी. मुंगसाचा माग मिळाला, साळिंदराचा मिळाला, बिबट्याचा एक मिळाला. तरसाचा नाही. वरच्या कातळावर जाऊन ती नाकानं वास घ्यायची, तरसाचा उग्र वास ओळखीचा होता. पण सगळीकडे धुराचाच वास. कातळावर काही पाऊल उमटत नाही. तरस तिथं असला तरी दिसणार कसा? संध्याकाळी घरी आली की चांगो तोंडानं विचारायचा नाही, नुसता तिच्या पायांकडे बघायचा. चिखल लागलाय का, किती लागलाय. आणि मग मुखवट्याकडे.

वाघबारस जवळ आली तसं चांगोनं खाणं सोडलं. पेज तोंडाशी नेली तर मान फिरवायचा. ठकीनं शिव्या घातल्या, पाया पडली, एकदा तर पेजेचं वाडगं मुखवट्याच्या तोंडाला लावलं आणि म्हणाली, "ह्यो तरी खाईल." चांगो हसला, आणि हसता हसता खोकला असा लागला की ठकीला वाटलं, आता इथंच संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर गेली. पाणी ओसरून काठाला गाळ उरला होता, लोण्यासारखा मऊ. तिनं इकडं तिकडं बघितलं. मग मूठ वळली आणि गाळात दाबली. चार बोटांचे चार खळगे. त्यामागे तळहाताची टाच दाबली. पुढं करवंदीच्या काट्यानं चार नखं. तरसाचा पुढचा पाय मोठा, मागचा लहान, हे ती चांगोबरोबर खड्ड्याखड्ड्याशी शिकली होती. मागच्यासाठी नुसती बोटांची पेरं दाबली. उजवं, डावं, उजवं, डावं, ओढ्यापासून जाळीपर्यंत. उठून बघितलं तर तिलाच भीती वाटली. वाटलं, आत्ता जाळीतून येईल आणि विचारेल, माझे पाय कुठं नेलेस?

हिरूदादा आला. वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला, इतका की ठकीला वाटलं म्हातारा अडकला कंबरेत.

"लई मोठा हाय गं," तो म्हणाला.

"म्हातारा झाला असंल. तुमच्यासारखा."

"म्हातारपनी मानूस बारीक व्हतो, ठके. बघ की माज्याकडं." पण त्यानं कनवटीचं पळसाचं पान काढलं, पावलावर ठेवलं, वर एक खडा ठेवला. तरसाचं सोंग नाचणार.

त्या दिवशी चांगोनं नाचणीची भाकर खाल्ली, वर मीठमिरची मागितली. "केवढा माग?" त्यानं विचारलं. ठकीनं मूठ दाखवली. तो त्या मुठीकडे बघत राहिला. "एवढा मोठा तरस मी उभ्या जल्मात पाह्यला नाय," तो म्हणाला, आणि मुखवटा काढून मांडीवर घेतला, कोळशानं त्याचे पट्टे नव्यानं ओढायला बसला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण ओढ्याच्या त्याच काठाला, थोडं खाली, भट्टीवरच्या कातकऱ्यांचं पाणी भरायचं ठिकाण होतं.

चिंधी नावाची कातकरीण होती, नवरा-बायको भट्टीवर, कुडाची खोपी, अंगावरचं पोर. तिनं ते पान बघितलं, पानाखाली बघितलं, आणि हंडा तिथंच टाकून पळाली. झोपलेलं पोर उचलून नेतो तो तरस, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून चिंधीनं लुगड्याचा काठ फाडून एक टोक पोराच्या पायाला आणि एक टोक स्वतःच्या पायाला बांधलं. काम करतानाही सोडेना. माती वाहायची तर पोर पाठीला, दोरी पायाला.

ठकी पाण्याला गेली तर चिंधी वाट बघत उभी होती.

"बाय, तुमच्या घरातला हाय ना त्यो?"

"कोन?"

"तरस. तुमी त्याचं सोंग घेता म्हनं. मंग त्याला सांगा ना. माजं पोर एकच हाय. दोन आदीच पुरलीत, तुमच्या मालकानंच खड्डं खनलं. एवढं नको नेऊ म्हनावं."

ठकीच्या हातात हंडा होता. तिच्या जिभेवर आलं होतं, अगं बाई, तरस-बिरस काही नाही, ही बघ माझी मूठ. तेवढं बोलली असती तर चिंधीनं पायाची दोरी सोडली असती. पण सांजेपर्यंत ते वाडीत गेलं असतं, हिरूदादानं पान उचललं असतं, आणि चांगोच्या मांडीवरचा मुखवटा ढोलीत. ठकी म्हणाली, "सांगते." आणि हंडा न भरताच घरी आली.

मग भट्टीचा मुकादम सहदेव आला. साजगावचा, शेतकरी माणूस, लढाईच्या दिवसांत मुकादम झालेला. ओढ्याच्या वाटेवर ठकीला भेटला. खांद्यावर मेलेली शेळी होती.

"ठकीबाय, बरं झालं बघा, माग तुमी दावलात. आता बंदोबस्त करता येईल. मानसं भिऊन काम सोडून चालली व्हती."

"शेळी कुठं नेता, दादा?"

"वरच्या अंगाला टाकतो. खालापुरातनं विषाची पुडी आनली हाय. खाल्लं की संपला. तुमच्या देवाबिवाचं काय असंल तर आदीच सांगा बाबा, मागनं वरडू नका. भट्टीवर लेकरं हायत, काय करनार?"

वाईट माणूस नव्हता तो. ठकीनं त्याच्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. त्याच्या चालण्यानं शेळीचे कान हलत होते. आणि तिच्या मनानं पटकन हिशेब केला: तरस आहे कुठं? मी केलेला तरस शेळी खायला यायचा नाही. पडेल दोन दिवस, गिधाडं-कोल्हे... ती म्हणाली, "वाडीची कुत्री येतील, दादा. दगडाआड टाका." एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर तिनं पीठ मळायला घेतलं. भाकर थापता येईना. चांगोनं विचारलं, तर म्हणाली, धुराचं हाय.

वाघबारसेच्या दिवशी सकाळी ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. माणसं पळाली. ठकी सगळ्यांच्या मागं.

पाण्यात तोंड घालून पडली होती. तरसाची मादी होती, म्हातारी, कानाचा एक तुकडा गेलेला, दात झिजून हिरड्यांशी आलेले. अंगावरचे पट्टे विटलेले, आयाळ विरळ, फासळ्या दिसत होत्या. विषानं तहान लागते म्हणतात. वरून, कातळावरून, ती पाण्यापर्यंत आली होती आणि पाणी तोंडात असतानाच संपली होती. इतके दिवस ती वर होती. जिथं पाऊल उमटत नाही तिथं राहिली होती, कातळाच्या खळग्यातलं पाणी प्यायली होती, आणि खाली यायचं तिला काहीही कारण नव्हतं, शेळीचा वास सोडला तर.

"बघा," मंगळ्या म्हणाला, "वयनीचा माग खरा निघाला. मी म्हनत व्हतो, ठकीवयनी थापा मारते."

कुणी हसलं. चिंधी पोराला घेऊन लांब उभी होती. तिनं खाली बसून पायाची गाठ सोडली, ठकीकडे बघून हात जोडले. ठकीला ते हात बघवेनात.

हिरूदादा गाळाकडे बघत होता. तिथं ठकीचे माग होते, सुकून भेगाळलेले, पान अजून वर. आणि त्यांच्यावरून चाललेले ताजे माग, वेडेवाकडे, धडपडत गेलेले. मोठ्या पावलात लहान पाऊल पडलं होतं, बापाच्या चपलेत पोरानं पाय घालावा तसं. म्हाताऱ्यानं एकदा ठकीच्या हाताकडे बघितलं. तिनं हात पदराखाली घेतला.

"ठके," तो हळू म्हणाला, "पान तर मीच ठिवलं."

बाकी कुणाला त्यानं काही सांगितलं नाही. भट्टीवरची माणसं जनावराला झाडाला टांगू म्हणत होती, त्यांना त्यानं हात लावू दिला नाही. "खड्डा तरसाचं घर खनतं," म्हणाला. ठकीनं खणला. एकटीनं.

घरी चांगो मुखवटा मांडीवर घेऊन बसला होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता.

"मेला?"

"मादी व्हती. म्हातारी." ठकी उंबऱ्यातच बसली. "माग मी काढला व्हता."

"ठावं हाय. तुज्या मुठीला मी वळखत नाय व्हय? भाकऱ्या खाल्ल्यात तिच्या." तो मुखवट्याच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. "मला वाटलं, खोटा हाय तर कुनाचं काय जानार. चार दिस बरं वाटंल."

"मला बी तसंच वाटलं."

"आपल्यासाठी ऱ्हायली व्हती गं ती. तिकडं वर." आणि त्यानं मुखवटा तिच्याकडे सरकवला. "माज्यानं उभं ऱ्हावत नाय. तू घाल."

बाईनं सोंग घेतल्याचं वाडीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. माळावर कुजबुज झाली. पण हिरूदादा म्हणाला, सोंग घराचं असतं, घरात जो उभा राहील तो घालील. चांगोला वाडीतल्या पोरांनी बाजेवर घालून आणलं. साळिंदर नाचून गेलं, भेकर गेलं, अस्वलाला फोक बसले आणि मंगळ्या चुलीत पडता पडता वाचला, माणसं पोट धरून हसली. मग तरस आला, पुढून उंच, मागून खाली, पाय ओढत. मुखवट्याच्या आत अंबाडीचा आणि चांगोच्या घामाचा वास होता. ठकीला भोकातून फक्त फोक दिसत होते, हिरवे, ताजे तोडलेले.

"येशील का रं परत आमच्या शिवेत?"

ठकीनं तोंड उघडलं. इतकी वर्षं ऐकलेले दोन शब्द, लहान पोरांनाही पाठ.

"येशील का रं परत आमच्या शिवेत?"

"येईन," ती म्हणाली.

हशा झाला. "अगं, नाय म्हन," मंगळ्या ओरडला. "वयनी पाठ करून आली नाय." फोक पडला, हलकासा, पाठीवर.

"येशील का?"

"येईन."

दुसरा फोक जरा जोरात बसला. तिसरा आणखी. रीत म्हंजे रीत, नाही म्हटल्याशिवाय सोंग सुटत नाही. हसणं हळूहळू थांबलं. ठकी वाकून, पाठ पुढं करून उभी, आणि प्रत्येक वेळेला तेच. येईन. आवाज फुटेना झाला तरी मुखवट्याची मान हलत होती. गुराखी हिरूदादाकडे बघायला लागले, आता काय करायचं. वाघाच्या सोंगातला हिरूदादा पुढं आला, एकेकाच्या हातातले फोक घेतले, आणि चुलीत टाकले. पुढं काही विचारलं नाही. खीर वाटली. त्या साली ती कुणाला गोड लागली नाही.

मुखवटा ढोलीत गेला. ठकीनंच ठेवला, सांबराच्या बाजूला.

चांगो पौषात गेला. जाताना शुद्धीत होता. दाराकडे बघत होता, पण कुणाची वाट बघत असल्यासारखा नाही. ठकीनं माळाच्या कडेला खड्डा खणला. वाडीची माणसं धोंडे आणायला निघाली, तिनं नको म्हटलं. काटेही टाकू दिले नाहीत. मोकळाच ठेवला, ज्याला यायचंय त्याला अडचण नको. वर ओढ्याचा गाळ आणून पसरला, भोवतीनं हातभर, लोण्यासारखा मऊ.

रोज संध्याकाळी ती तो गाळ ओल्या हातानं सपाट करायची. रोज सकाळी जाऊन बघायची. मुंगूस येऊन गेलेलं असायचं. चिंधीची कोंबडी. एकदा बिबट्या गाळाच्या कडेकडेनं गेला, थांबलाही नाही. चिंधी पोराला कडेवर घेऊन यायची, जवळ बसायची. पोर गाळात हात मारायचं, आणि ठकी ते ठसे पुसून पुन्हा सपाट करायची.

एका सकाळी धुकं होतं आणि माळावर कुणीच नव्हतं. गाळ कोरा होता. ठकी त्याच्याशी बसली. उजव्या हाताची मूठ आपसूक वळली होती, खाली टेकायला बोटभर अंतर उरलं होतं. एक दाब, मागं टाच, चार नखं. सुटला, असं म्हणता आलं असतं. बघायला कुणी नव्हतं, आणि चांगोनं तर ती मूठ ओळखून वर हसून भाकरसुद्धा मागितली असती.

तिनं मूठ उचलली, दुसऱ्या हातात गच्च धरली, आणि पदरात घेऊन बसली. गाळ सुकेपर्यंत बसली.